वाचनालयाच्या सेवकाचा एक दिवस
(तालुका अभ्यासशिबिरात एका ग्रंथालय-सेवकाने केलेले भाषण)



या शिबिरात काल जमीन, पाणी आणि सहकार या विषयांवर विवेचन झाले. त्या मानाने माझा विषय किरकोळ वाटेल. मी विद्वान नाही, वक्ताही नाही. गेली २६ वर्षे खेड्यांतल्या सार्वजनिक वाचनालयांत काम करीत आलो, एवढाच माझा अधिकार. म्हणून माझा दिवस कसा जातो ते प्रथम सांगतो आणि त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्यापुढे ठेवतो.

आमचे वाचनालय 'ड' वर्गातले. या वर्गात सेवक एकच. त्यामुळे ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही माणसे मीच. सकाळी आठ वाजता कुलूप काढतो तेव्हा मी शिपाई असतो. केर काढायचा, बाके पुसायची, माठ भरायचा. मग वर्तमानपत्रांवर शिक्का मारून ती टेबलावर मांडायची आणि वाचकांची हजेरीवही उघडायची, की झालो लिपिक. निवृत्त मास्तर आणि दोन-तीन म्हातारे शेतकरी तोवर पायरीवर बसलेलेच असतात. त्यांच्या मागोमाग पोलीसभरतीची आणि स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले येतात. घरात एकच खोली आणि तीत सात माणसे, अशा घरांतली ही मुले. त्यांना पुस्तकाइतकीच गरज असते ती शांत कोपऱ्याची आणि दिव्याची.

पुस्तकासाठी जितके लोक येतात, जवळजवळ तितकेच हातात कागद घेऊन येतात. बँकेची नोटीस, पीकविम्याचा अर्ज, सातबाराचा उतारा. परवा निराधार योजनेचे अनुदान घेणाऱ्या एक आजी आल्या. पैसे बंद झाले, का ते कळत नव्हते. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. मी अर्ज लिहून दिला, कोणत्या टेबलाशी जायचे ते सांगितले. हे काम कोणत्याही नोंदवहीत बसत नाही, तपासणीत त्याला गुण नाहीत. तरीही गावात वाचनालय कशासाठी, असे कोणी विचारले तर मी त्या आजींचे नाव प्रथम सांगेन.

दहा वाजता कुलूप लावून मी एका आडत्याच्या दुकानात हिशेब लिहायला जातो. घर चालते ते त्या पगारावर. सायंकाळी पाच ते आठ पुन्हा वाचनालय. ही वेळ देवघेवीची. वर्गणी घ्यायची, पावती फाडायची, नवे ग्रंथ दाखल नोंदवहीत चढवायचे, वर्गांक टाकायचे, फाटलेल्या पुस्तकांना खळ लावायची, वाळवी कुठे लागली ते पाहायचे. मार्च जवळ आला की जमाखर्च, साठा-तपासणी आणि वार्षिक अहवाल यांची भर पडते.

आता पैशाचा हिशेब मांडतो. २०२२ साली शासनाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ केली. 'ड' वर्गाचे वार्षिक ३० हजार होते, त्याचे ४८ हजार झाले. टक्केवारी ऐकून टाळ्या वाजल्या. परंतु अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी आणि निम्मा ग्रंथ व इतर खर्चासाठी, असा दंडक आहे. म्हणजे त्या वाढीनंतर वेतनाला वर्षाचे २४ हजार, महिन्याचे २ हजार आले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरचा रोज २९७ रुपये होता. त्या दराने सात दिवस खडी फोडली असती तर माझ्या त्या वेळच्या महिन्याच्या वेतनाहून अधिक पैसे हाती आले असते. खडी फोडणाऱ्याला जास्त मिळते अशी माझी तक्रार नाही. त्यालाही कमीच मिळते. दोघांच्या श्रमाची किंमत ठरवताना पोट कोणी मोजले नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

साथींनो, वेतनाचे हे दुखणे माझ्या घरापुरते राहत नाही. ते कपाटापर्यंत कसे पोचते, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

पूर्वी मी ज्या वाचनालयात होतो, तेथे एका वर्षी साठा-तपासणीत ११ पुस्तके कमी भरली. कार्यकारी मंडळाने ठराव केला आणि त्यांची किंमत माझ्या वेतनातून वळती केली. ठराव एकमताने झाला. मंडळात आपल्या विचाराचे दोघे होते. माणसे भली; पण हा मजुरीचा प्रश्न आहे असे त्यांच्या मनातही आले नाही. मी काही बोललो नाही, फक्त कपाटांना कुलपे लावली. पुढच्या वर्षी एकही पुस्तक हरवले नाही. शेरा उत्तम मिळाला. देवघेव मात्र निम्म्यावर आली होती आणि तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

ती सवय मी येथेही बरोबर आणली. मागच्या उन्हाळ्यात वीटभट्टीवर काम करणारा एक तरुण आला आणि त्याने महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' मागितला. पुस्तक कपाटात होते. तो सभासद नव्हता, अनामत भरायला त्याच्याजवळ पैसे नव्हते, भट्टी बंद झाली की तो गाव सोडणार होता. मी म्हणालो, "किल्ली अध्यक्षांकडे आहे." किल्ली माझ्या खिशात होती.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरण्यासाठी असतात हा त्यांतला पहिला. प्रशिक्षण वर्गात मी तो पाठ केला होता. पण ज्याच्या तुटपुंज्या वेतनातून प्रत्येक हरवलेल्या पुस्तकाची किंमत कापली जाते, त्याच्या लेखी ग्रंथ सांभाळण्यासाठी असतो. त्या सायंकाळी ज्याने ज्ञान अडवले तो कोणी सनातनी नव्हता. तो मी होतो, भ्यालेला एक अर्धपोटी नोकर.

उपाय काय, असे आपण विचाराल. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला. मद्रास राज्याने १९४८ साली केला आणि मालमत्ता-करावर ग्रंथालय उपकर बसवून हक्काचा पैसा उभा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात असा उपकर नाही. लोकांनी संस्था चालवाव्या आणि शासनाने अनुदान द्यावे, ही त्याची रीत. लोकांच्या संस्था लोकांच्या हाती राहाव्यात हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु त्या तत्त्वाचा भार एकट्या सेवकाच्या खांद्यावर का? पत्की समितीने सेवकांसाठी वेतनश्रेणी सुचवली होती. तिच्यासाठी सेवकांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. शासनाने वेतन दिले तर वाचनालये सरकारी कचेऱ्या होतील, अशी भीती काहीजण घालतात. खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन शासन देते, तरीही शाळा संस्थेचीच राहते. मग वाचनालयालाच ही भीती का? म्हणून वेतनाचे अनुदान ग्रंथांच्या अनुदानापासून वेगळे करावे आणि ते वेतनश्रेणीप्रमाणे द्यावे, ही मागणी पक्षाने आपली मानावी.

ही झाली शासनाकडची गोष्ट. दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे आणि तिला पैसा लागत नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकजण वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह किंवा मंडळाचे सभासद आहेत. आपण तेथे मालकाच्या खुर्चीत बसता, हे कृपा करून लक्षात घ्या. कारखान्याच्या फाटकाशी जो न्याय मागता तोच आपल्या बैठकीत द्या. सहज गहाळ झालेल्या पुस्तकांची किंमत सेवकाकडून घ्यायची नाही, असा ठराव करा. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तरी वेतन थांबू नये म्हणून वर्गणी-देणगीतून थोडा निधी बाजूला ठेवा. वार्षिक सभेत किती पुस्तके शिल्लक आहेत हे विचारताना, किती पुस्तके घरोघरी गेली हेही विचारा. आणि ज्याच्याजवळ अनामत नाही अशा मजुराला आपल्यापैकी एखाद्याने जामीन राहा.

सेवक म्हणून मलाही माझ्या वाट्याचे केले पाहिजे. कपाटांची कुलपे मी काढली आहेत. नव्या मंडळाला त्याचे कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, ठराव अजून व्हायचा आहे. 'शेतकऱ्याचा असूड' सध्या दारालगतच्या टेबलावर असतो. तो तरुण मात्र पुन्हा आलेला नाही. भट्टी कुठे गेली याची मी चौकशी करतो आहे.

उद्या सकाळी आठला दार उघडायचे आहे, तेव्हा शेवटच्या एस. टी.साठी मला आता निघाले पाहिजे.