उसनं कनेक्शन: गर्दीच्या दिवशी ॲप नेमकं कुठे अडकतं?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी कॉलेजचा प्रोजेक्ट नुकताच संपवलाय किंवा ज्यांना पहिली नोकरी लागलीय. लोकलमध्ये, बसमध्ये उभं राहून ऐकत असाल तरी काळजी नको. आज स्क्रीनवर बघावा लागेल असा एक ओळीचाही कोड नाही.

चित्र ओळखीचं आहे. ॲप लॅपटॉपवर मस्त चालतं. सर्व्हरवर टाकल्यावरही महिनाभर कुणाची तक्रार येत नाही. मग एक दिवस खरी गर्दी होते. प्रवेशाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असते, किंवा तिकीटविक्रीचा पहिला तास. आणि नेमकं तेव्हाच ॲप गोल गोल फिरत बसतं. सीपीयू बघावा तर निवांत, मेमरीही शिल्लक. लॉग उघडला की पोस्टग्रेस म्हणतंय, ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. मायएसक्यूएल असेल तर ‘टू मेनी कनेक्शन्स’. आपल्यासाठी ही लॉगमधली एक ओळ असते, पण पलीकडे कुणाचा तरी फॉर्म राहून जातो.

हे का होतं, ते आज समजून घेऊ. सगळ्याचं सार आधीच सांगतो: डेटाबेस कनेक्शन आपल्या मालकीचं नसतं, ते उसनं आणलेलं असतं. उशिरा मागा, लवकर परत करा, स्वच्छ परत करा, आणि एकूण किती उसनी मिळू शकतात ते आधी मोजून ठेवा.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

सुरुवात ड्रायव्हरपासून. पोस्टग्रेसची नेटवर्कवरची भाषा वेगळी, मायएसक्यूएलची वेगळी. तुमचा जावा किंवा पायथनचा प्रोग्रॅम यातली कुठलीच थेट बोलत नाही. मधे दुभाषी लागतो, तोच ड्रायव्हर. प्रत्येक डेटाबेससाठी प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागू नये म्हणून १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं, आणि १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर जेडीबीसी आलं. पायथनमध्ये हेच काम डीबी-एपीआय नावाचा करार करतो.

व्हायव्हात जेडीबीसी ड्रायव्हरचे चार प्रकार विचारतात ना? त्यातला पहिला, म्हणजे जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज, जावा ८ मधून २०१४ साली काढूनच टाकला. आणि जर्नलमध्ये ‘क्लास डॉट फॉरनेम’ लिहून ड्रायव्हर लोड करायची जी ओळ असते, तिची गरज २००६ च्या जावा ६ पासून उरलेली नाही. ड्रायव्हरची जार फाइल क्लासपाथवर असली की जावा तो आपणहून शोधतं. त्यामुळे ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ असा एरर आला तर दोनच गोष्टी तपासा: जार खरंच तिथे आहे का, आणि यूआरएलची सुरुवात बरोबर लिहिली आहे का.

दुभाषी जुना झाला की वेगळाच घोळ होतो. मायएसक्यूएल ८ ने पासवर्ड तपासायची डिफॉल्ट पद्धत बदलली, पोस्टग्रेस १४ नेही बदलली. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, पण ड्रायव्हरला नवी पद्धतच ठाऊक नाही, म्हणून लॉगिन होत नाही. अशा वेळी पासवर्ड दहादा टाइप करत बसू नका. सर्व्हरची नवी पद्धत बंद करून जुनी, कमजोर पद्धत चालू करायचा सल्लाही ऐकू नका. ड्रायव्हर अपडेट करा.

कनेक्शन महाग का?

नवं कनेक्शन उघडायचं म्हणजे काय काय होतं बघा. आधी टीसीपीची ओळखपाळख. मग टीएलएस, म्हणजे गुप्त बोलण्याची तयारी. मग पासवर्डची तपासणी. ॲप आणि डेटाबेस यांच्यात अशा पाच-सहा फेऱ्या होतात, आणि तेव्हा कुठे पहिली क्वेरी निघते. दोघं एकाच डेटा सेंटरमध्ये असतील तर हे पटकन उरकतं. पण ॲप मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर एकेक फेरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास जाते. म्हणजे कामाला हात लावायच्या आधीच सेकंद गेला.

त्यात पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची एक स्वतंत्र प्रोसेस सुरू करतं. मायएसक्यूएल थ्रेड वापरतं, पण फुकट तेही नाही. म्हणून दोघांनीही मर्यादा घातलेली आहे. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शन्स, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. मायएसक्यूएलची १५१.

लॅबमध्ये आपण शिकतो ते असं: कनेक्शन उघडा, क्वेरी चालवा, बंद करा. एकट्या लॅपटॉपवर ते चालून जातं. हजार लोक एकदम आले की मात्र डेटाबेसचा निम्मा वेळ दार उघडण्यात आणि लावण्यात जातो. यावरचा उपाय म्हणजे पूल. काही कनेक्शन्स आधीच उघडून ठेवायची, लागेल तेव्हा एक उसनं घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. ‘क्लोज’ म्हटलं तरी ते खरं बंद होत नाही, पुलात परत जातं.

टेबलं वाढवून पोळ्या लवकर येत नाहीत

आता सगळ्यात जास्त पडणारा प्रश्न: पूल केवढा ठेवायचा? बहुतेकांचं उत्तर असतं, जेवढा मोठा तेवढा बरा. पण खानावळ डोळ्यांसमोर आणा. पोळ्या लाटणाऱ्या मावशी दोन आहेत. तुम्ही टेबलं दहाची पन्नास केलीत, तर पोळ्या लवकर येतील का? नाही. उलट पन्नास जण एकदम हाका मारतील आणि मावशी गोंधळतील. डेटाबेसमधल्या मावशी म्हणजे सीपीयूचे कोअर आणि डिस्क. पोस्टग्रेसच्या विकीवर एक अंदाजाचं सूत्र आहे: कोअरची दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. चार कोअर आणि एक डिस्क, म्हणजे ९. हा फक्त सुरुवातीचा आकडा, पुढे आपल्या ॲपवर मोजून ठरवायचं. पण तो किती लहान आहे ते लक्षात घ्या. जावातल्या हिकारीसीपी या लोकप्रिय पुलाचं डिफॉल्ट १० आहे, नोडमधल्या पीजी लायब्ररीचंही १०.

दहात भागतं का? हिशेब करू. एका रिक्वेस्टने कनेक्शन २० मिलिसेकंद धरलं, तर एक कनेक्शन सेकंदाला ५० जणांचं काम उरकतं. दहा मिळून ५००. आता तीच रिक्वेस्ट कनेक्शन हातात धरून पेमेंट गेटवेच्या उत्तराची ३ सेकंद वाट बघत बसली, तर त्याच दहा कनेक्शन्सवर सेकंदाला जेमतेम ३ जणांचं काम होतं. ५०० वरून ३! डेटाबेस तोच, मशीन तेच. फरक एवढाच, की जेवण झालेला माणूस ताटावर बसून फोनवर गप्पा मारतोय.

म्हणून नियम पाठ करा. पेमेंट, ओटीपी, ईमेल, दुसऱ्या सर्व्हरला कॉल, यातलं काहीही चालू असताना हातात कनेक्शन नको. बाहेरचं काम आधी किंवा नंतर.

परत करताना

आपल्याकडे शेजारून उसनी आणलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीतरी घालूनच देतात. इथे मात्र उलटं: रिकामी आणि घासून-पुसूनच द्यायची.

पहिली चूक म्हणजे वाटी परतच न करणं. क्वेरीत एरर आला, कोड मधूनच बाहेर पडला, कनेक्शन सोडायची ओळ चाललीच नाही. याला लीक म्हणतात. दर एररला एक कनेक्शन गळतं, आणि दहा एररनंतर पूल रिकामा. जावात यासाठी ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, नोडमध्ये फायनली. पायथनवाल्यांनी जरा जपून: सायकोपीजी २ मध्ये कनेक्शनवर ‘विथ’ लावलं तर फक्त ट्रान्झॅक्शन संपतं, कनेक्शन बंद होत नाही. सायकोपीजी ३ मध्ये होतं. एकाच शब्दाचे दोन अर्थ!

दुसरी चूक, अर्धवट ट्रान्झॅक्शन तसंच ठेवून परत करणं. हिकारीसीपी परत घेताना अर्धवट राहिलेलं रोलबॅक करतं, एसक्यूएलअल्केमीही करतं. नोडची पीजी लायब्ररी मात्र आपणहून करत नाही. तिथे ट्रान्झॅक्शन करायचं तर पुलातून एक क्लायंट घ्या, बिगिनपासून कमिटपर्यंत सगळं त्याच क्लायंटवर चालवा आणि मग सोडा. थेट पुलावर क्वेरी टाकत गेलात तर बिगिन एका कनेक्शनवर आणि पैसे वजा करणारी क्वेरी दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते. बँकेच्या ॲपमध्ये असं झालं तर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

सकाळचा पहिला एरर

एक मजेशीर तक्रार असते: ‘रोज सकाळी पहिल्याच माणसाला एरर येतो, मग दिवसभर सगळं नीट.’ कारण सोपं आहे. मायएसक्यूएल डिफॉल्टने ८ तास गप्प असलेलं कनेक्शन बंद करतं. रात्री कुणी ॲप वापरलं नाही, डेटाबेसने फोन ठेवून दिला, आणि पुलाला वाटतंय लाइन अजून चालू आहे. क्लाउडवर मधले राउटर तर त्याहून आधी कंटाळतात. ॲमेझॉनचं नॅट गेटवे ३५० सेकंद शांत असलेलं कनेक्शन विसरून जातं. उपाय दोन. कनेक्शनचं कमाल आयुष्य डेटाबेसच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा, आणि उसनं देण्याआधी जिवंत आहे का ते पुलाला तपासू द्या. बहुतेक लायब्रऱ्यांत दोन्हीची सोय असते.

वाट बघण्यालाही मर्यादा हवी. पूल रिकामा असेल तर हिकारीसीपी ३० सेकंद थांबून एरर देतं. नोडच्या पीजीमध्ये डिफॉल्टला मर्यादाच नाही, रिक्वेस्ट लटकून राहते. फोनवरचा माणूस मात्र ३० सेकंद कुठला थांबतोय? तो पाचव्या सेकंदाला रिफ्रेश करतो, आणि एकाची दोन कामं होतात. त्यापेक्षा दोन-तीन सेकंदांत ‘गर्दी आहे, थोड्या वेळाने या’ असं सांगणं जास्त प्रामाणिक.

घरातल्या सगळ्यांचा हिशेब

आता तो सुरुवातीचा एरर. पूल २० चा, सर्व्हर ८. झाली १६० कनेक्शन्स, आणि पोस्टग्रेसची मर्यादा १००. शांत दिवशी सगळे पूल भरत नाहीत, म्हणून काही कळत नाही. गर्दीच्या दिवशी आठही एकदम भरायला जातात. म्हणजे गर्दी हे फक्त निमित्त, गणित पहिल्या दिवसापासूनच चुकलेलं होतं.

पायथनमध्ये हे आणखी लपून राहतं, कारण प्रत्येक वर्कर प्रोसेसचा पूल वेगळा. एसक्यूएलअल्केमीचं डिफॉल्ट ५ आणि गरज पडल्यास वर १०. चार वर्कर म्हणजे एकाच सर्व्हरवर ६० पर्यंत. शिवाय नवी आवृत्ती चढवताना थोडा वेळ जुने-नवे दोन्ही सर्व्हर चालू असतात, तेही धरा. ॲडमिन पॅनेल, रात्रीचे जॉब, रिपोर्ट, सगळेच धरा.

बेरीज मर्यादेबाहेर जात असेल तर आधी पूल लहान करा. तरी भागत नसेल तर मधे पीजीबाउन्सरसारखा एक सामायिक पूल ठेवा. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये शेकडो क्लायंट थोड्याशा खऱ्या कनेक्शन्सवर भागवतात. किंमत एवढीच, की सेशनभर टिकणाऱ्या गोष्टींवर, उदाहरणार्थ सेट केलेल्या सेटिंग्जवर किंवा लिसनवर, तिथे भरवसा ठेवता येत नाही. मर्यादाच वाढवणं हा शेवटचा उपाय. त्याला पोस्टग्रेस रीस्टार्ट करावं लागतं, आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशी त्याने वाढत नाहीतच.

या आठवड्याचा गृहपाठ

पूल २ वर आणा. हो, फक्त दोन. मग आपल्याच ॲपवर वीस रिक्वेस्ट एकदम सोडा, त्यातल्या काही मुद्दाम चुकीच्या. कुठेही लीक असेल तर ॲप मिनिटभरात अडकेल, तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्या समोर. पोस्टग्रेस असेल तर पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी हा व्ह्यू उघडून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी अवस्था शोधा. तो ताटावर बसून राहिलेला माणूस. कुठला कोड त्याला तिथे सोडून आला, ते हुडका.

हे करायला अर्धा तास लागतो. तो आज घालवलात तर फॉर्मच्या शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता कुणीतरी कुठल्याशा गावातून फोनवर ‘सबमिट’ दाबेल, आणि ते होऊन जाईल. तिला तुमच्या पुलाचं नावही कळणार नाही. कळायची गरजही नाही.

काय सापडलं ते नक्की कळवा. पुढच्या भागात ट्रान्झॅक्शन आणि लॉक, म्हणजे दोघांनी एकाच सीटचं तिकीट एकाच क्षणी काढलं तर काय होतं. तोवर, उसनं घेतलेलं परत करा. भेटूच!