पाव घरांतील बिऱ्हाड

प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाला पहिली चिंता असते ती उतरण्याच्या जागेची. आणि दुसरी, पहिलीहून किंचित् मोठी, जेवणाची. काशीला किंवा नाशिकला जाणारे आपले वाडवडील या दोन्ही चिंता एकदमच मिटवीत. क्षेत्रोपाध्यायांच्या घरीं ओसरीलगतची एखादी खोली मिळे, चूल मिळे, आणि मंडळी तेथें चार दिवसांचें बिऱ्हाड थाटीत. पुढें हॉटेलें आलीं, आणि खोली एकाची, स्वयंपाक दुसऱ्याचा व पोट आपलें अशी व्यवस्था रूढ झाली. गेल्या पंधरावीस वर्षांत तें जुनें बिऱ्हाड नव्या वेषानें पुन्हां अवतरलें आहे. परदेशांतील मोठ्या शहराच्या अगदीं मध्यभागीं, कोणाच्या तरी मालकीची दोन खोल्यांची जागा, भांड्याकुंड्यांसह, आठवड्याच्या करारानें भाड्यानें घेतां येते. २०२५ च्या मे महिन्यांत मी, माझी पत्नी व आमचीं दोन मुलें अशा एका जागेंत सात दिवस राहिलों. त्या बिऱ्हाडाविषयीं, आणि त्याच्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या एका प्रश्नाविषयीं आज बोलावयाचें आहे.

शहर स्पेनमधील बार्सिलोना. आणि वस्तीचें नांव बार्सेलोनेता, म्हणजे धाकटें बार्सिलोना. या वस्तीचा जन्मच मुळीं घरें गमावलेल्या माणसांसाठीं झाला. १७१४ सालीं दीर्घ वेढ्यानंतर हें शहर पांचव्या फिलिप राजाच्या सैन्याच्या हातीं पडलें. जिंकलेल्या शहरावर जरब ठेवण्यासाठीं राजानें एक प्रचंड किल्ला बांधविला, आणि त्याच्या जागेकरितां रिबेरा नांवाच्या गजबजलेल्या मोहल्ल्याचा मोठा भाग जमीनदोस्त करण्यांत आला. बेघर झालेल्यांना पर्यायी वस्ती मिळण्यास पुढें जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. १७५३ मध्यें समुद्रांत शिरलेल्या वाळूच्या त्रिकोणी पट्ट्यावर एका लष्करी इंजिनिअरच्या आंखणीप्रमाणें बांधकाम सुरू झालें. सरळ, अरुंद गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंस दुमजली घरें. प्रत्येक घर लांबीरुंदीला सुमारें साडेआठ मीटर, आणि एका कुटुंबाचें. कोळी, खलाशी व बंदरांतील कामगार तेथें राहूं लागले. पुढच्या शतकांत माणसें वाढलीं, कारखाने आले, घरांवर मजले चढले, आणि मूळच्या एका घराचीं आधीं दोन व मग चार बिऱ्हाडें झालीं. तेथील भाषेंत या जागांना आजही ‘पाव घर’ असेंच म्हणतात. क्षेत्रफळ पस्तीस चौरस मीटर. आपल्या हिशेबानें पावणेचारशें चौरस फूट.

आमचें बिऱ्हाड अशा एका पाव घरांत होतें. गिरगांवच्या चाळींत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांना या जागेचें वर्णन करून सांगण्याची फारशी गरज नाहीं. दार उघडलें कीं पाऊल स्वयंपाकघरांत पडतें. दुसरें पाऊल बैठकीच्या खोलींत. तिसऱ्या पावलास खिडकी. बिछाना घडी घालून भिंतींत जातो. स्नानगृहांत एका वेळीं एकच निर्णय घेतां येतो: आंत जावयाचें कीं दार लावावयाचें. लिफ्ट नाहीं, जिना उभा आणि इतका अरुंद कीं वरून कोणी उतरत असेल तर आपण खालच्या वळणावर थांबणें हाच शिष्टाचार. गच्ची म्हणून जी कांहीं होती ती दोन माणसें एकमेकांस टेकून उभीं राहतील एवढी. पण तिच्यांतून समोरच्या बिऱ्हाडांतील वाळत घातलेले कपडे, कुंडींतील तुळशीसारखी दिसणारी एक वनस्पति, आणि रात्रीं नऊनंतर जेवावयास बसलेलीं माणसें हें सर्व हाताच्या अंतरावर दिसे. सकाळीं गॅसच्या नारिंगी टाक्या घेऊन एक मनुष्य गल्लींत येई आणि टाकीवर ठणठण आवाज करी. मग कुठल्या तरी मजल्यावरून कोणी तरी हांक मारी, आणि तो भली मोठी टाकी खांद्यावर टाकून जिना चढे. हॉटेलच्या बाराव्या मजल्यावरील कांचेआडून शहर दिसतें. येथें तें ऐकूं येतें.

स्वयंपाकाविषयीं सांगावयाचें तर त्यासारखें सुख नाहीं. वस्तीच्या मध्यावर १८८४ सालीं उभारलेली लोखंडी मंडई आहे. अलीकडे तिची पुनर्बांधणी झाली असली तरी जुने लोखंडी सांगाडे राखले आहेत. तेथें मासळीच्या ओट्यांपुढें उभें राहिल्यावर कोंकणांतल्या माणसाला परकें वाटणें कठीण. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीणच. शाकाहारी मंडळींची सोयही उत्तम. काबुली चणे, वाल, मसूर वगैरे कडधान्यें तेथें आयतीं शिजविलेलीं, वजनावर विकत मिळतात. गोडा मसाला आम्ही बरोबर नेला होता; त्यामुळें उसळीला दहा मिनिटें पुरत. पाव भाजून त्यावर लसणाची पाकळी व पिकलेला टोमॅटो घासावयाचा आणि वर मीठ व ऑलिव्हचें तेल, हें तेथील गरिबाघरचें खाणें. आमच्या मुलांनीं तें एका दिवसांत आत्मसात् केलें. दुपारचें जेवण दोनला व रात्रीचें नऊ-दहाला, हा क्रम मात्र शेवटपर्यंत आमच्या पोटाच्या अंगवळणीं पडला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं समोरच्या दारांतील आजीबाईंची ओळख झाली. वय ऐंशीच्या घरांतलें. इंग्रजी येणारा त्यांचा नातू आला होता; त्याच्या मध्यस्थीनें त्या बोलल्या. प्रथम दोन नियम सांगितले: जिन्यांतला दरवाजा आपटूं नका, आणि रात्रीं दहानंतर मुलांना पळूं देऊं नका. मग म्हणाल्या, या जिन्यावर आठ दारें आहेत; त्यांपैकीं तीनच दारांमागचे चेहरे मला ठाऊक आहेत. पूर्वीं मीठ संपलें तर मी चारांपैकीं कोणतेंही दार ठोठावीत असें. आतां ज्या दारांतून माणसें येतात त्यांना मीठ कोठें ठेवलें आहे हेंच माहीत नसतें. हें त्यांनीं रागानें सांगितलें नाहीं. तसें असतें तर उत्तर देणें सोपें गेलें असतें.

त्या गल्लींत कित्येक गच्च्यांवर निळ्यापिवळ्या रंगाचे वस्तीचे ध्वज लटकतात, आणि त्यांच्या शेजारीं ‘पर्यटकांची एकही जागा नको’ अशा अर्थाचे फलक. २०१४ च्या ऑगस्टमध्यें येथील रहिवासी रस्त्यावर उतरले होते. रात्रभर चालणारा धिंगाणा हें त्याचें निमित्त. कारण अधिक खोल होतें. ज्या मालकाला आठवड्यागणिक नवा पाहुणा मिळतो तो वर्षाच्या करारानें राहणारा भाडेकरू कशाला ठेवील? नगरपालिकेनें २०१४ पासून अशा जागांना नवे परवाने देणें थांबविलें. पुढें २०२४ च्या जूनमध्यें महापौर जौमे कोल्बोनी यांनीं जाहीर केलें कीं, शहरांतील १०,१०१ परवान्यांपैकीं एकाचेंही नूतनीकरण होणार नाहीं, आणि २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत या सर्व जागा रहिवाशांसाठीं मोकळ्या व्हाव्यात. दहा वर्षांत शहरांतील भाडीं ६८ टक्क्यांनीं वाढलीं, असें कारण त्यांनीं दिलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें निदर्शकांनीं उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांवर खेळण्यांतल्या पिचकाऱ्यांनीं पाणी उडविलें; तें चित्र जगभर गाजलें. ज्या प्रांतिक कायद्याचा या निर्णयास आधार आहे, तो स्पेनच्या घटना-न्यायालयानें २०२५ च्या मार्चमध्यें ग्राह्य ठरविला.

मालकांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. ते म्हणतात, एवढ्या मोठ्या शहरांत दहा हजार घरें म्हणजे कितीशीं? खरा उपद्रव परवान्यावांचून चोरून चालणाऱ्या जागांचा आहे. आणि नवीं घरें न बांधल्याचें खापर आमच्या माथीं कशाला? आंकडा एकंदरीनें लहान आहे, हें मलाही मान्य आहे. परंतु हीं दहा हजार घरें शहरभर सारखीं पसरलेलीं नाहींत. कांहीं भागांत तीं दाटलेलीं आहेत. सरासरीचा हिशेब आठ दारांच्या जिन्याला लावतां येत नाहीं. त्या जिन्यावर पांच दारें परकीं झालीं, तर तेथल्या माणसाच्या दृष्टीनें शहर अर्ध्याहून अधिक रिकामें झालेंच.

मग जाणाऱ्यानें काय करावें? लहान मुलें व वृद्ध बरोबर असतील आणि स्वयंपाक हवाच असेल तर जागा घेण्यांत मला वावगें वाटत नाहीं. मात्र ती परवान्याची असावी. बार्सिलोनांत अशा परवान्याचा क्रमांक ‘एच यू टी बी’ या अक्षरांनीं सुरू होतो, आणि तो जाहिरातींत छापलेला असला पाहिजे. नसेल तर पुढें बोलूंच नये. पारपत्रांची नोंद केली जाते व दर माणशीं दर रात्रीचा प्रवासी-कर द्यावा लागतो. लहान मुलांना तो माफ आहे. मजला कितवा हें नीट विचारून घ्यावें, कारण तेथील मोजणी निराळी आहे. तळमजल्यावर कित्येकदां एक पोटमजला आणि एक मुख्य मजला असतो, आणि त्यांनंतर ‘पहिला’ सुरू होतो. चाकांची पेटी गल्लींतून ओढीत नेऊं नये, उचलून न्यावी. विमान गांठण्यासाठीं आपण पहांटे चारला निघतों. दगडी फरसबंदीवर त्या चाकांचा खडखडाट चौथ्या मजल्यापर्यंत पोंचतो, आणि सहाला उठून बंदरावर कामास जाणारीं माणसें त्या मजल्यावर अजून राहतात.