शिकण्याची गोडी आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांना शिकण्याची प्रेरणा देणाऱ्या अध्यापनपद्धती, असा विषय कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविला आहे. विषय भारदस्त खरा. पण एका बाजूस रायपूर आणि दुसऱ्या बाजूस भिलाई अशा या कुम्हारीत राहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे तो फार साध्या रूपात उभा राहतो. मूल शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकते, गल्लीत छत्तीसगढी बोलते. मग त्याने मराठी का शिकावी? परीक्षेत तिला गुण नाहीत, नोकरीत तिची विचारणा नाही. आपल्या रविवारच्या वर्गाला जे मूल येते, ते आईवडिलांच्या आग्रहाखेरीज दुसऱ्या कशानेही बांधलेले नसते. म्हणूनच गोडी कशाने लागते याची खरी परीक्षा शाळेपेक्षा अशा वर्गात होते. शाळेत हजेरीचा धाक असतो. येथे पुढच्या रविवारी मूल आले नाही, की आपले शिकविणे कसे झाले ते आपोआप कळते.

पहिला उपाय सर्वांना सुचतो तो बक्षिसाचा. पालक म्हणतात, पेन द्या, प्रमाणपत्र द्या, मुले येतील. येतात, यात शंका नाही. पण 1973 साली अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना त्यांनी आधीच सांगितले, की चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे बक्षिसाचा विषय संपल्यावर त्याच मुलांचा चित्रे काढण्याचा वेळ इतर मुलांच्या तुलनेने जवळजवळ निम्म्यावर आला. जे काम खेळ म्हणून चालले होते, त्याची मजुरी ठरली आणि मजुरी थांबताच हात थांबला. बक्षीस अजिबात देऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. गणेशोत्सवातील पेढा गोडच असतो. मात्र पेढ्यासाठी पाठ केलेला श्लोक पेढ्याबरोबरच संपतो, हा अनुभव येथे बसलेल्या कित्येकांना असेल.

दुसरा उपाय अभिमानाच्या उपदेशाचा. त्याविषयी फार बोलावे असे नाही. दहा वर्षांच्या मुलास ज्ञानेश्वरांची थोरवी सांगितल्याने ते मान डोलावते आणि खिडकीबाहेर पाहू लागते.

मग काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (हे गाव आता पालघर जिल्ह्यात येते) बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीत नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांना आळशी न ठरवता या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्या प्रयत्नातून अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना रुजली. मुले गुरे राखावयास रानात जातात असे दिसताच कुरणशाळा निघाली. महागडी साधने परवडणारी नव्हती. शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मूल जेथे आहे आणि ज्यात रमले आहे तेथून आरंभ करावयाचा, हे त्यांचे सूत्र होते.

आपल्या मुलांचे अंगण कोणते? ते हिंदीचे आणि छत्तीसगढीचे आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पुष्कळ घरी हिंदीला शत्रू समजण्याची चाल आहे. तिला आमचा विरोध आहे. याच प्रदेशातील पेंड्रा येथून 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते. टिळकांचे गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. 1958 पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकविणारे हिंदीचे थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध हेही मराठीभाषक. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. दोन भाषा एका घरात सुखाने नांदू शकतात.

शिवाय हिंदीमुळे आपले अर्धे काम आधीच झालेले असते. लिपी तीच, एक ‘ळ’ तेवढा नवा. तो शिकविण्यास आम्हांस पोळ्याचा सण उपयोगी पडला. वैदर्भीय घरांतला पोळा येथे पोरा होतो. मुले मातीचे बैल घेऊन खेळतात. शेजारच्या काकींचा पोरा आणि आजीचा पोळा एकापाठोपाठ म्हणताना जीभ कोठे वळते, हे मुलांनी आपणच शोधून काढले. छत्तीसगढीत तर याहून मोठा ठेवा आहे. हिंदीतले ‘मुझे’ मराठीत आणताना अडखळणारे मूल गल्लीत दिवसभर ‘मोला’ आणि ‘तोला’ म्हणत असते. ‘मोला’ म्हणजे मला, ‘तोला’ म्हणजे तुला. आणि रामला तर दोन्हीकडे ‘रामला’च! हे फळ्यावर लिहिले, तेव्हा वर्गात जो कल्लोळ झाला तो कोणत्याही बक्षिसाने झाला नसता. मराठी आपल्याला थोडी येतेच, असे मुलांच्या ध्यानात आले होते.

सारखे दिसून फसविणारे शब्दही असेच कामास येतात. शिक्षणखात्यास हिंदीत शिक्षा विभाग म्हणतात हे ऐकून नागपूरहून आलेली पाहुणी मुले पोट धरून हसतात. आपल्या मुलांना उलट मराठी ‘शिक्षा’ ऐकून नवल वाटते. ‘चेष्टा’ हा तसाच शब्द. हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. येथे वडीलधाऱ्यांना नम्रपणे एक सांगावेसे वाटते. मूल ‘ती पुस्तक’ म्हणाले, की घरात हशा पिकतो. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग हिंदीत नाहीच, तेव्हा त्या चुकीमागे मुलाचा विचार असतो. मूल हिंदीतली चेष्टा करीत असते आणि आपण मराठीतली करतो. दोन-तीनदा असे झाले, की ते मूल पाहुण्यांसमोर मराठी बोलत नाही. सहज उत्तर देताना ‘ते पुस्तक कपाटात आहे’ असे आपण म्हणावे. कान आपले काम करतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या मराठीची कोणीतरी वाट पाहत आहे, असे मुलाला वाटले पाहिजे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक रोज स्वतः लिहून काढीत. वाचणारी मुले समोर होती, म्हणून त्या लिहिण्यात प्राण होता.

आमच्या वर्गातील बारा वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण सांगतो. त्याच्या आजीच्या ट्रंकेत माहेरची पत्रे होती, बहुतेक सन 1970 च्या आसपासची, वर्धा जिल्ह्यातून भावाने लिहिलेली. आजीची दृष्टी अधू झालेली; मुलाच्या आईवडिलांचे शिक्षण हिंदीत, जुने वळणदार अक्षर वाचण्याइतका त्यांना वेळ नाही. मुलगा अक्षरे लावू शके, पण अर्थ कळत नसे. आजीला अर्थ कळे, पण अक्षर दिसत नसे. आम्ही दोघांना एकत्र बसविले. मुलगा अडखळत वाची, आजी ऐके आणि मध्येच थांबवून सांगे, की ही विहीर कोणती आणि ही म्हैस कोणाची. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे काय, हे त्याने आजीकडूनच शिकून घेतले. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ हे वाचून तो गोंधळला. हिंदीत लोभ वाईट, मग मामाआजोबा तो मागतात कसा? त्या एका शब्दावर आजी अर्धा तास बोलली. पुढे तो रविवारची वाट न पाहता रोज संध्याकाळी एक पत्र घेऊन बसू लागला. आम्ही त्याला काहीही देऊ केले नव्हते. आजीचे अडले होते आणि ते त्याच्यावाचून सुटणार नव्हते, एवढेच.

ती आजी आता नाही. सत्तावीस पत्रे वाचून झाली होती, चौदा राहिली. ती मुलगा एकटाच वाचतो आहे. विहीर कोणती हे सांगणारे आता कोणी नाही, म्हणून समजले नाही तेथे पेन्सिलीने खूण करून वर्गात आणतो.

अशा ट्रंका आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील आणि आजी-आजोबाही अजून आहेत. पत्रे असोत, पाककृतींची वही असो, जमाखर्चाचे टिपण असो. जे असेल ते वर्गाकडे पाठवावे, आणि शक्य तर ते लिहिणारी किंवा ज्यांना लिहिले ती माणसेही. वर्ग दर रविवारी सकाळी दहा वाजता भरतो. नातू किंवा नात शेजारी बसलेली असावी. अक्षर कितीही किरटे असले तरी चालेल. ते लावण्याचे काम मुलांकडे आहे.