सामायिक फोल्डरचा खोळंबा



भामरागडहून गडचिरोलीच्या जिल्हा कचेरीपर्यंतचे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे तो मार्गही बंद पडतो. इतक्या दुरून आपल्या वनहक्काच्या दाव्याची चौकशी करावयास आलेल्या गृहस्थाला ‘फोल्डर उघडत नाही, उद्या या’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्या एका उद्यापायी त्याची मजुरी, भाडे आणि कचेरीवरचा विश्वास ही तिन्ही खर्ची पडतात. म्हणून कचेरीतील सामायिक फोल्डर अधूनमधून का अडते, या वरवर केवळ तांत्रिक दिसणाऱ्या प्रश्नाविषयी आज मी बोलणार आहे.

२००६ सालच्या वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभांचे ठराव, नकाशे आणि दाव्यांच्या याद्या यांचे दप्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या कचेऱ्यांत वाढत गेले. असे दप्तर आता एका संगणकावर ठेवून अनेक मेजांवरून वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे. कायमचा बिघाड लवकर सापडतो. परंतु दहाला चालणारे, अकराला अडणारे आणि तंत्रज्ञ दारात येताच पुन्हा सुरळीत होणारे फोल्डर भल्याभल्यांची मती कुंठित करते. अशा वेळी सगळी यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करण्याचा प्रघात आहे; त्याने काम तात्पुरते मार्गी लागते खरे, पण दोषाचा मागही त्याबरोबर पुसला जातो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, प्रथम एक नोंदवही सुरू करावी, आणि प्रत्येक खोळंब्याची वेळ, मेज व पडद्यावर उमटलेला मजकूर तिच्यात जसाच्या तसा उतरवावा.

एकाच मेजावरच्या तक्रारी वहीत वारंवार दिसल्या, तर तेथील तार तपासावी. प्लगची प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली असली म्हणजे खुर्ची सरकताच जोडणी सुटते आणि सर्व तारा जोडणाऱ्या नेटवर्क स्विचवरचा त्या तारेचा दिवा विझतो. वीज जाताच सर्वांचेच काम अडत असेल, तर संगणक इन्व्हर्टरवर आणि स्विच मात्र साध्या विजेवर, अशी विषम तजवीज झाली आहे काय, याची खातरजमा करावी. उशिरा येणाऱ्यांनाच नकार मिळत असेल, तर फोल्डर सर्व्हरऐवजी साध्या विंडोज संगणकावर ठेवलेले असण्याचा संभव आहे, कारण असा संगणक एका वेळी २० च जोडण्या स्वीकारतो. नावाने न उघडणारे फोल्डर आयपी क्रमांकाने उघडले, तर तार निर्दोष असून नाव शोधण्याची व्यवस्था बिघडली आहे असे समजावे. उपाय करताना एका वेळी एकच बदल करावा आणि तोही नोंदवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळावयाचे नाही.

खोळंब्याला कंटाळून यादी पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. एका मेजावरच्या मूळ यादीत नाव दाखल होते, दुसऱ्या मेजावरच्या प्रतीत ते राहून जाते, आणि दोन्ही कागद एकाच शिक्क्यानिशी बाहेर पडले की खरी यादी कोणती, हे सिद्ध करण्याचा भार दावेदाराच्या माथी येतो. दप्तर एकच असावे, यासाठीच तर ते सामायिक केलेले असते. तेव्हा कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे की, नोंदवहीचे काम कोणा एका लिपिकाकडे लेखी हुकमाने सोपवावे, आणि दर आठवड्यास ती वही स्वतःच्या नजरेखालून घालावी.