मीटर जेवढा, तेवढेच

विमानतळावरून शहरात यायला आता पुष्कळ वाटा झाल्या. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते. मोबाइलवर बोट टेकवले की गाडी समोर उभी राहते. तरीही परवा नागपूरहून कविसंमेलन आटोपून आलो, तेव्हा मी रांगेत उभा राहून मीटरची टॅक्सीच घेतली. घरी याला माझी हौस म्हणतात. हौस नाही, जुना हिशेब आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. तिथल्या भारतीयांना अम्मानमार्गे मुंबईला आणण्यासाठी जवळजवळ दोन महिने एअर इंडियाची विमाने ये-जा करीत होती. १,७०,००० माणसे परतली, त्यांत आमचे बाबा होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात असे. मी डोंगरीला, गावच्या जमातीच्या खोलीत राहून बी. ए. करीत होतो. कोण कोणत्या विमानाने येणार, कळायला मार्ग नव्हता. सहारच्या विमानतळाबाहेर मी दोन रात्री काढल्या. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास बाबा बाहेर आले.

आखातातून येणारा माणूस म्हणजे दोरखंडाने आवळलेली खोकी, ब्लँकेटे, टेपरेकॉर्डर. फियाटच्या टपावरचे कॅरिअर भरून जायचे. आमच्या टॅक्सीवाल्याने दोरी हातात घेऊनच विचारले, "सामान किधर है, चाचा?" बाबांच्या हातात रेक्झिनची एक पिशवी होती. त्याने ती पाहिली, दोरी गुंडाळून सीटखाली टाकली, पुढून वळसा घालून मीटर डाऊन केला. टिंग.

तेव्हा मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला असे. भाडे वाढले की यंत्र बदलत नसत, छापील कार्ड बदलत. मीटरवरचा आकडा कार्डावर शोधायचा आणि त्याच्यासमोर छापलेले भाडे द्यायचे. परगावचा माणूस नाडला जायचा तो बहुतेक इथेच.

बाबा पुढच्या सीटवर बसले. पाऊस होता. काचेतून ते एकसारखे मीटरकडे पाहत होते. बँकेतली कमाई तिकडेच राहिली होती आणि पिशवीतले दिनार त्या दिवसांत कोणी हातात घेईना. माहीमला मखदूमशा बाबांच्या दर्ग्यासमोर त्यांनी हात छातीशी नेला. मग हळूच म्हणाले, "इथंच उतरू. हार्बरनं सँडहर्स्ट रोडला जाऊ."

"बाबा, पैसे आहेत माझ्याकडे," मी म्हटले. शिकवण्यांचे होते. बाबा काही बोलले नाहीत.

टॅक्सीवाल्याला मराठी कळत होते की नुसते चेहरे वाचता येत होते, कोण जाणे. दादरच्या पुढे त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि मीटर वर करू लागला.

"ये क्या करते हो?"

"चाचा, आगे तो मैं अपने घर ही जा रहा हूँ."

विमानतळापासून पहिल्यांदाच बाबांचा आवाज चढला. "मीटर चलने दो. जितना होगा, उतना देंगे."

तो मुकाट्याने पुन्हा गाडीत बसला.

डोंगरीला उतरल्यावर बाबांनी माझ्याकडून पैसे घेतले. दिव्याच्या खांबाखाली कार्ड दोनदा वाचले आणि स्वतःच्या हाताने मोजून भाडे दिले. वरची चिल्लर टॅक्सीवाल्याने परत केली, बाबांनी ती घेतली. त्याने आमचे नाव विचारले नाही, आम्हीही त्याचे विचारले नाही.

आता मोबाइलवरच्या गाडीत आधी नाव जाते, मागून माणूस. एकदा माझी फेरी अशी रद्द झाली. अंतर पाहून झाली असेल. मी मनाला लावून घेतले नाही, असे म्हणतो खरा; पण मग तुम्हाला सांगतो आहे कशाला?

मीटरवाले सगळे देवमाणूस, असेही नव्हे. प्रीमियर पद्मिनी २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, इलेक्ट्रॉनिक मीटर आले, कार्डाची भानगड संपली. फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट, इतका सरळ हिशेब आहे. तरी परवाचा गृहस्थ मला 'ठरवून' न्यायला निघाला होता. मी बॅग घेऊन उतरू लागलो, तेव्हा त्याने बटण दाबले. माहीमला आल्यावर विचारतो, "बाहर से आये हो क्या?"

"नाही हो, इथलाच," मी म्हटले. मग तोही मराठीत बोलू लागला.

बाबा १९९२मध्ये पुन्हा कुवेतला गेले. विमानतळावर आम्ही टॅक्सीनेच गेलो. पिशवी तीच होती. भाड्याचे पैसे मी पुढे केले, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि गावात उसन्या घेतलेल्या नोटांतून मोजून काढले.