ज्याचा सण नाही, त्याची पाळी



25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळील मांढरदेवीला चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक दगावले. पुढे वाट अडली, तरी मागच्या लोंढ्याला ते कळत नाही. म्हणून मिरवणुकीत स्वयंसेवक किती, यापेक्षा ते कोठे उभे, हे आम्ही मोलाचे मानतो. प्रत्येक वळणावर दोघे असावेत. एकाची नजर पुढे, दुसऱ्याची मागे. चौरस मीटरात पाच माणसे दाटली, की पुढाऱ्याची वाट न पाहता त्यांनी मागचा ओघ थांबवावा. रुग्णवाहिकेसाठी एक गल्ली मोकळी ठेवावी.

आपल्या धारमध्ये ताबुतांच्या दिवशी गणेशभक्तांनी आणि विसर्जनाला आम्ही मुसलमानांनी पहारा द्यावा. ज्याचा सण नसतो, त्याचे लक्ष गर्दीवर राहते.