सालाचा आकडा



नवे साल लागले की भिंतीवर नवे कॅलेंडर येते, आणि त्याच्या मागे भविष्य छापलेले असेल तर ते आधी वाचले जाते. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत जी संख्या असते, तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पाहिलेच तर ती शुभ की अशुभ, एवढेच विचारायला. आज आपण त्या संख्येकडेच थोडा वेळ पाहणार आहोत. विषय गमतीचा आहे खरा. पण त्या गमतीत एक प्रश्न दडलेला आहे. संख्येच्या अंगी मूळचे गुण कोणते, आणि आपण तिला बाहेरून चिकटवलेले कोणते?

प्रथम गेल्या सालापासून आरंभ करू. २०२५ ही पूर्ण वर्गसंख्या होती. ४५ गुणिले ४५. असे साल याआधी १९३६ मध्ये आले होते आणि यापुढे २११६ मध्ये येईल. म्हणजे माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाच. पण एवढ्यावर हे संपत नाही. एक ते नऊ या अंकांची बेरीज ४५ होते. म्हणून २०२५ हा त्या बेरजेचा वर्ग. आणि नवल असे की, एक ते नऊ यांच्या घनांची बेरीजही नेमकी २०२५ च भरते. १, ८, २७, ६४ असे करीत ७२९ पर्यंत जावे आणि ताळा पाहावा.

हा योगायोग असेल काय? आपण सर्वांनी लहानपणी पाढे घोकले आहेत. एक ते नऊ यांचे पाढे नऊपर्यंतच घ्या आणि पाटीवर शेजारी शेजारी मांडा. एक्क्याऐंशी घरांचा चौकोन होईल. त्यातील सर्व संख्यांची बेरीज ४५ गुणिले ४५, म्हणजे २०२५. आता त्याच चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून काटकोनी पट्ट्या पाडा. पहिल्या पट्टीत नुसता १. दुसरीत २, ४, २, बेरीज ८. तिसरीत ३, ६, ९, ६, ३, बेरीज २७. प्रत्येक पट्टीत एक एक घन उभा राहतो. बेरीज तीच, फक्त मोजण्याची वाट निराळी. नऊच्या जागी वीस घ्या, शंभर घ्या, नियम ढळत नाही. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने हा नियम आपल्या ग्रंथातील गणितपादात सांगून ठेवला आहे. सालाचा आकडा हे केवळ निमित्त. त्यातून हाती आले ते एक सार्वकालिक सत्य.

आता दुसऱ्या प्रकारची गंमत पाहू. २०२५ चे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! ज्यांच्या वर्गाचे असे तुकडे जोडले की मूळ संख्याच परत मिळते, त्या ४५ सारख्या संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे आपल्या डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे गणिताचे मास्तर. जवळ मोठी पदवी नाही, विद्यापीठाचे आसन नाही. अनेक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव सर्वदूर गेले.

या कापरेकरांनी काही संख्यांना ‘हर्षद’ असे गोड नाव दिले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. २०२२ ला सहाने भाग जातो, २०२३ ला सातने, २०२४ ला आठने आणि २०२५ ला नऊने. चार साले ओळीने हर्षद! आणि चालू साल २०२६? अंकांची बेरीज दहा, आणि दहाने काही भाग जात नाही. मालिका तुटली.

मग कोणी विचारील, यंदाचे साल हर्ष देणार नाही काय? येथेच आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. माणसाला दहाऐवजी आठ बोटे असती, तर त्याने बहुधा आठाआठांच्या गटांनी मोजले असते. त्या पद्धतीत २०२५ हीच संख्या ३७५१ अशी लिहिली जाते. तिच्या अंकांची बेरीज सोळा, आणि सोळाने तिला भाग जात नाही. हर्षदपणा गेला! पण तितक्याच गोट्या घेऊन बसा. पंचेचाळीस ओळींत पंचेचाळीस पंचेचाळीस अशा त्या नीट बसतीलच, मग बोटे कितीही असोत. वर्ग असणे हा संख्येचा स्वभाव आहे, हर्षद असणे हा तिचा पोशाख आहे. पोशाखाचे कौतुक जरूर करावे. पण त्याला स्वभाव समजू नये.

शिवाय सालाचा क्रमांक तरी कोणी ठरवला? ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची रीत इ. स. ५२५ मध्ये डायोनिसियस नावाच्या साधूने बसवली. आपण पाडव्याला गुढी उभारली ती शके १९४८ ची. वसंत ऋतू तोच, ऊन तेच, आकडे मात्र दोन.

या दोन आकड्यांची कापरेकरांच्याच एका रीतीने परीक्षा घेऊ. चारही अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावे, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करावे, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात पावलांत ६१७४ येते आणि तेथेच गाडी थांबते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. २०२६ घेतले तर ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४, अशी सहा पावले पडतात. शके १९४८ घेतले तर ८३५२, आणि लगेच ६१७४, दोनच पावले! एकाच वर्षाचे एक नाव लांबच्या वाटेने जाते, दुसरे जवळच्या. मग वर्ष खडतर म्हणावे की सुलभ? वर्षाला यातले काहीच ठाऊक नसते.

हे सांगण्याचे कारण असे की, आकड्यांच्या नावाने आज मोठा बाजार भरला आहे. मोटारीच्या नंबरासाठी लोक जादा पैसे मोजतात, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवतात, अंकांची बेरीज जुळली नाही म्हणून ठरत आलेले लग्न मोडतात. ज्या बेरजेवर एका मुलीचे आयुष्य तोलले जाते, ती मोजण्याची पद्धत बदलताच बदलते, हे आपण आताच पाहिले. अंकांची गंमत आम्हांला प्रिय आहे. तिचे भय आम्हांला मान्य नाही.

तरी बिचाऱ्या २०२६ ला रिकाम्या हाताने पाठवू नये. तिचे अवयव दोनच, २ आणि १०१३. आणि १०१३ ही मूळ संख्या आहे. पण १०१३ म्हणजे २२ चा वर्ग अधिक २३ चा वर्ग. त्याची दुप्पट केली की ४५ चा वर्ग अधिक एक. हाही योगायोग नव्हे. १ आणि २ यांच्या वर्गांची बेरीज ५. दुप्पट १०, म्हणजे ३ चा वर्ग अधिक एक. २ आणि ३ घ्या; बेरीज १३, दुप्पट २६, म्हणजे ५ चा वर्ग अधिक एक. लागोपाठच्या कोणत्याही दोन संख्या घ्या, हेच घडते. रुक्ष दिसणाऱ्या सालाच्या पोटातही एक नियम निघालाच.

तेव्हा आमची विनंती एवढीच की, घरी गेल्यावर मुलांना जवळ बोलवावे, पाटीवर पाढ्यांचा चौकोन मांडावा आणि पट्ट्यांची बेरीज त्यांनाच करू द्यावी. उत्तर आपण सांगू नये. ‘असे का होते?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून निघाला, की सालाच्या आकड्याने आपले काम केले. तो प्रश्न विचारायला शिकलेले मूल पुढे भविष्य सांगणाऱ्यालाही तोच विचारील.